मला कळता कामा नये

प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायची वेळ झाली की खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा माणूस तुम्ही पाहिलाय का? प्रश्न ऐकल्याबरोबर पाठ फिरवणारे पुण्यात पेठेपेठेत भेटतात, त्यांचं काही विशेष नाही. हे गृहस्थ मात्र प्रश्नही स्वतःच विचारत आणि पाठही स्वतःच फिरवत. वर समोरच्याला शांतपणे सांगत, "सावकाश होऊ द्या. मला कळता कामा नये."

त्यांचं नाव सांगत नाही. ज्यांनी आयुष्यभर कुठल्या कागदावर कोणाचं नाव येऊ दिलं नाही, त्यांचंच नाव मी छापून टाकावं हे बरं दिसणार नाही. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. ते आम्हा सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. मी बावीस वर्षांचा, नाकावर मुरमं असलेला, आणि मला 'आपण'. पहिले आठ दिवस मी मागे वळून बघायचो, दुसरं कोणी उभं आहे की काय.

आमचं ऑफिस नारायण पेठेत, एका बुक-बाइंडिंगच्या दुकानाच्या वर, दोन जिने चढून. खळीचा वास फुकट. धंदा सर्वेक्षणाचा. बाजार खुला झाला होता आणि देशात एकदम नऊ प्रकारचे साबण अवतरले होते. कोणाला कुठला साबण आवडतो हे जाणून घेण्याची परदेशातल्या माणसांना भयंकर उत्सुकता होती, आणि त्या उत्सुकतेवर आमची चूल पेटत होती. साबण, चहा, टूथपेस्ट हे बाकीचे लोक करायचे. सरांकडे अडचणीचे प्रश्न यायचे. म्हणजे ज्यांचं खरं उत्तर शहाणा माणूस स्वतःलाही देत नाही, असे. बायकोला मारता का, परीक्षेत कॉपी केली होती का, दुधात पाणी घालता का.

असे प्रश्न सरळ विचारले तर सबंध पुण्यात एकही कॉपी झालेली नाही आणि दुधाला पाणी माहीत नाही, असं निघतं. म्हणून सरांची रीत वेगळी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ती समजावली. समोरच्याच्या हातात एक रुपया द्यायचा. आपण पाठ फिरवायची. त्याने नाणं उडवायचं आणि काय पडलं ते कोणालाही सांगायचं नाही. छापा पडला तर प्रश्न काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं.

"आता हा माणूस 'हो' म्हणाला," सर म्हणाले. "हा दुधात पाणी घालतो का?"

मी म्हणालो, "घालतो."

"कशावरून? छापा पडला असेल."

"मग नाही घालत."

"कशावरून? काटा पडला असेल."

मी गप्प बसलो. सरांना फार आनंद झाला. त्यांच्या मते माझं उत्तर आता बरोबर आलं होतं.

मग हिशेब सांगितला. शंभर जणांना विचारलं, तर पन्नासेक जण नाण्यामुळे उगाचच 'हो' म्हणणार. एकंदर सत्तर 'हो' आले, तर वरचे वीस खरे. म्हणजे खरं बोलायची पाळी आलेल्या पन्नासांत वीस पाणीवाले. "किती ते कळलं पाहिजे," सर म्हणाले, "कोण ते कळता कामा नये." माणसं माहिती मिळवण्याचा पगार घेतात. हा गृहस्थ माहिती न मिळवण्याचा घेत होता, आणि इमानेइतबारे घेत होता.

सरांबरोबर मी हिंडलो भरपूर. एकदा मार्केट यार्डात कांद्याच्या एका आडत्याकडे गेलो. प्रश्न होता, वजनात मारता का? सरांनी नाणं दिलं, नियम सांगितला आणि पोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. आडत्याने नाणं हातात खेळवलं. विचार करकरून म्हणाला, "म्हणजे छापा पडला तर हो म्हणायचं."

"हो."

"आणि काटा पडला तर खरं सांगायचं."

"अगदी बरोबर."

"मग नाणं कशाला उडवू, साहेब? दोन्हीकडून होच की."

सरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. तसेच, कान धरून, ते गाळ्याबाहेर चालत आले आणि त्या माणसाचा कागद त्यांनी फाडून टाकला. "वाया गेले," म्हणाले. "कळलं मला." चेहरा असा की जणू त्या आडत्यानं त्यांच्याच पोत्यात दगड भरले होते.

याच्या उलट पेठेतले एक निवृत्त पोस्टमास्तर. नळाला मोटर लावून पाणी ओढता का, असा प्रश्न होता. त्यांनी नाण्याकडे पाहिलं, सरांच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला खरं बोलायला नाणं लागत नाही. लावतो मोटर. वरचे लावतात, म्हणून मी लावतो. नाव लिहून घ्या, पूर्ण."

सर भिंतीला म्हणाले, "आपण कृपया नाणं उडवा."

"नाही उडवत."

"मग आपलं उत्तर धरता येणार नाही."

"खरं सांगतोय तरी?"

"खरं सांगताय म्हणूनच."

पोस्टमास्तरांनी दार लावून घेतलं. आतून त्यांचा आवाज मात्र येत राहिला. महापालिकेच्या नळखात्यातल्यांना एकवेळ समजून घेता येईल, पण खरं बोलणाऱ्याला हाकलून देणारी ही कोण जमात, असा एकंदर सूर होता. सर जिना उतरता उतरता मला म्हणाले, "स्वभाव चांगला आहे. नमुन्यात बसत नाही."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मी त्या ऑफिसात लागलो तो संगणकाचा माणूस म्हणून. त्या दिवसांत पुण्यात ज्याला त्याला संगणकाचा माणूस हवा होता. मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि अर्जात दोन वर्षांचा अनुभव लिहिला होता. ज्या कंपनीत तो अनुभव घेतला, तिथे मी एकदा मुलाखतीला गेलो होतो आणि त्यांनी मला पाणी दिलं होतं, एवढाच आमचा संबंध. पण दाखला छापलेला होता, शिक्का गोल होता. आमच्या मालकांनी शिक्का पाहिला आणि मला ठेवून घेतलं.

हे अशासाठी सांगितलं की पुढचं काम नेमकं याच विषयावर निघालं. औंधच्या पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीने काचेची इमारत बांधली होती. भराभर माणसं भरली होती, आणि भरल्यावर वरच्या साहेबांना शंका आली की यातल्या कित्येकांचा अनुभव खोटा आहे. किती जणांचा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. निदान बोलताना तरी एवढंच म्हणाले. प्रश्न ठरला: 'अर्जात लिहिलेला अनुभव खोटा होता का?' माणसं दोनशे. सगळ्यांनी यायचं, मनुष्यबळ खात्याचे मॅनेजरही येणार, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटायला नको. आमच्या मालकांना या कंपनीचं वर्षाचं काम मिळण्याची आशा होती, त्यामुळे ते फोनवरसुद्धा उभं राहून बोलत होते.

सॉफ्टवेअर कंपनीत कागद घेऊन जायचं म्हणजे शोभा. मालकांनी मला सांगितलं, संगणकावर करा. मी केलं. पडद्यावर कर्मचाऱ्याचा नंबर, खाली प्रश्न, खाली 'हो' आणि 'नाही'. नंबर एवढ्याचसाठी की कोणी राहिलं तर कळावं. त्याचा कागदावरचा नमुना सरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. नंबरापाशी थोडे अडखळले, मग म्हणाले, "चालेल. नाणं आहे ना, मग नंबराने काही बिघडत नाही."

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण दोन वर्षांचा खोटा अनुभव असलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायची फार खाज असते. आदल्या दुपारी मी तो पडदा पुन्हा एकदा पाहिला, आणि मला तो अपुरा वाटला. नाणं उडवणार, ते कुठेतरी पडणार, आणि त्याची नोंदच नाही? आम्हाला कोर्समध्ये शिकवलं होतं, माहिती अर्धवट ठेवू नये. मी आणखी एक चौकोन घातला: 'नाणे काय पडले?' छापा, काटा. तो भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, अशीही व्यवस्था केली. त्या व्यवस्थेचा मला विशेष अभिमान होता.

सरांच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं तुम्हाला वाटेल. सर दोन दिवस त्या खोलीत बसून होते. आमचाच संगणक रिक्षातून मांडीवर घेऊन गेलो होतो, तो टेबलावर. एकेक जण आत येई, सर त्याला नियम सांगत, रुपया देत आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. दोनशे वेळा त्यांनी पाठ फिरवली. पडद्यावर काय आहे ते दोनशे माणसांनी वाचलं. ज्याला ते बघवलं नसतं, तो एकटा भिंत बघत होता.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. यवतमाळकडची. हातात डबा, गळ्यात नंबराचं ओळखपत्र, जेवणाच्या सुट्टीत आली होती. नियम ऐकून घेतला, पण नाणं काही उचलेना. मी दाराशी उभा होतो. तिने सरांना विचारलं, "सर, खरंच कोणाला कळणार नाही नं? घरी मी एकटीच कमावते."

सर पाठमोरेच म्हणाले, "मी बसलोय ना इथे. मलाच कळणार नाही, तर दुसऱ्याला कसं कळेल?"

तिने नाणं उडवलं. टेबलावर वाजलं. मग बटणं दाबल्याचा आवाज आला, जरासा थांबून थांबून.

चौथ्या दिवशी मनुष्यबळ मॅनेजरांचा फोन आला, आकडा कधी मिळेल म्हणून. मी घेतला. मी म्हणालो, "आकडा काय घेऊन बसलात, साहेब? नंबरवार यादी देतो. कोणाचं नाणं काय पडलं तेसुद्धा आहे आमच्याकडे." मग ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "एक्सलंट." आयुष्यात मला इंग्रजीतून मिळालेली ती पहिली शाबासकी.

सर आले तेव्हा मी त्यांच्यासाठीही छापून ठेवलं होतं. काटा पडलेले आणि 'हो' म्हणालेले, असे अठ्ठावीस. मी म्हणालो, "सर, आता अंदाज नको. हे बघा, नेमके अठ्ठावीस. नंबरासकट."

सरांनी कागद हातात घेतला नाही. त्यांनी विचारलं, "आपण नाणं विचारलंत?"

मी मोठ्या उत्साहाने तो चौकोन दाखवला, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही हेही दाखवलं. सर त्या पडद्याकडे पहिल्यांदाच बघत होते. बघता बघता खाली बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. कागदावर बोट न ठेवता, दुरूनच म्हणाले, "अठ्ठावीस नाहीत हो. छापा पडलेल्यांतही खोटे तेवढेच असतील, ते यात नाहीतच. म्हणजे एकूण किती, हे आपल्याला आधी जेवढं कळलं असतं तेवढंच कळलं. जास्त काही नाही कळलं. फक्त अठ्ठावीस माणसं उघड्यावर आली."

तोवर मालक वर आले, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. तीन वाजता यादी घेऊन बोलावलंय, म्हणाले. कंपनी फार खूश आहे. यादीतल्यांना शुक्रवारी फाटकाबाहेर काढणार आहेत, आणि वर्षाचं काम आपलंच. माझ्या पाठीवर थाप मारून ते खाली गेले, इस्त्रीचा शर्ट घालून यायला.

मला पहिल्यांदा आठवला तो जेवणाचा डबा. तिचा नंबर यादीत होता, वरून सातवा.

सर म्हणाले, "नाण्याचा रकाना पुसता येतो?"

"येतो. पण मग परत मिळणार नाही, सर."

"नक्की नाही मिळणार?"

त्यांनी हे इतक्या आशेने विचारलं की मला माझ्या ज्ञानाबद्दल वाटणारी शंका गिळावी लागली. खरं सांगायचं तर माझी बोटं चालेनात. मालक थाप मारून गेले होते, त्या थापेची ऊब पाठीवर होती. नोकरी गेली तर पुढच्या ठिकाणी मला आणखी एक खोटा दाखला छापावा लागला असता. सर उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि या वेळी पडद्याकडे तोंड करून. मी बटण दाबलं. दोनशे छापेकाटे गेले. कागद फाडले. दोन फ्लॉप्यांवर मी उतरवून ठेवलं होतं, त्या सरांनी उघडून आतली तपकिरी चकती कात्रीने कापली, चार-चार तुकडे, अगदी सारखे. खालून बाइंडरने वर येऊन कात्री परत मागितली, कारण ती त्याची होती.

तीन वाजता काचेच्या इमारतीत आम्ही तिघे. थंडगार खोली, लांब टेबल, मॅनेजर टेबलाच्या टोकाला. सरांनी कागद पुढे केला. दोनशे नंबर, प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही', आणि खाली सरांच्या अक्षरात: अंदाजे चारांत एकाहून थोडे अधिक.

मॅनेजरांनी कागद उलटून पाहिला. "कॉइनचा कॉलम?"

"पुसला," सर म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. मॅनेजरांनी विचारलं, कोणी पुसला? आणि ज्यांना संगणक सुरू कुठून होतो तेही माहीत नव्हतं, ते सर म्हणाले, "मी."

मॅनेजर चिडले, पण चिडून गप्प बसणारे ते नव्हते. डेटा आमचा आहे, म्हणाले, तुमचा नाही. मग म्हणाले, हरकत नाही, 'नाही'वाले तरी स्वच्छ आहेत. 'हो'वाले सगळे बोलावतो. एकेकाला बसवून विचारतो. खिशातून पेन्सिल काढली आणि यादीवर वरून खाली खुणा करत निघाले. 'हो' दिसला की टिक. टिक, टिक. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन्सिल थांबली.

मी मघाशी सांगितलं ना, बाकीच्यांना संकोच वाटू नये म्हणून तेही येऊन गेले होते. त्यांचाही नंबर होता.

मॅनेजर म्हणाले, "माझा छापा पडला होता."

"शक्य आहे," सर म्हणाले.

"शक्य आहे म्हणजे? पडला होता."

"असेलही. मला कळायला मार्ग नाही. फक्त एवढंच की आपण ज्यांना बोलावणार आहात, तो प्रत्येक जण आत येऊन हेच सांगेल. आपलं जसं आम्ही मानलं, तसं आपल्याला त्यांचं मानावं लागेल."

मॅनेजरांनी पेन्सिल खिशात ठेवली. कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. शुक्रवारी त्या इमारतीच्या फाटकातून संध्याकाळी जेवढी माणसं बाहेर पडली, तेवढी सोमवारी सकाळी आत गेली.

मॅनेजरांचं नाणं काय पडलं होतं ते मला ठाऊक आहे. पुसण्याआधी मी सगळी यादी वाचली होती. तुमची उत्सुकता मला समजते, कारण ती माझीही होती. पण सांगणार नाही. सरांच्या हाताखाली मी जे थोडंफार शिकलो, त्यातलं हे एक.

परतताना मालक वेगळ्या रिक्षाने गेले. मी आणि सर बसने. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आपली चूक अर्धी. अर्धी माझी. दोन दिवस मी त्या खोलीत होतो, एकदा वळून बघायला काय झालं होतं मला?" शब्द मोडता मोडता वाचला होता, पण तो त्यांच्या व्यवस्थेमुळे वाचला नव्हता, नशिबाने वाचला होता. हे त्यांना फार लागलेलं दिसत होतं. नशिबावर त्यांचा विश्वास नव्हता. संभाव्यतेवर होता.

वर्षाचं काम गेलं. पहिल्या तारखेला मालकांनी सरांना सांगितलं, आता आपण विश्रांती घ्या. मला ठेवलं, कारण संगणकाचा माणूस दुसरा मिळत नव्हता. अन्याय म्हणतात तो असा असतो. त्याने माझा पगारही वाढला. सर जायच्या दिवशी मी त्यांची पिशवी खालपर्यंत नेऊन दिली. बाइंडरशी दोन शब्द बोलून ते निघून गेले. त्यांचं घर चार गल्ल्यांवर होतं. मी उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. कोणत्या तोंडाने जाऊ, असंही वाटायचं. पण मुख्य कारण आळस.

दीड-दोन वर्षं गेली. मीही एव्हाना एका काचेच्या इमारतीत लागलो होतो. दिवाळीच्या आधी स्वारगेटला बसच्या रांगेत उभा होतो, तर मागून कोणी म्हणालं, "तुम्ही ते कॉम्प्युटरवाले नं? सरांसोबतचे?" तीच मुलगी. गावी जायला निघाली होती, गाडीला अवकाश होता. त्याच कंपनीत होती अजून, हाताखाली चार माणसं होती. हसून म्हणाली, "अर्जात दोन वर्षं लिहिली होती. आता खरंच झाली." मग गंभीर होऊन म्हणाली, की ऑफिसात नंतर कुणकुण लागली होती, यादी होणार होती आणि ती कोणीतरी पुसली. मी विचारलं, पडद्यावर नाणं विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला शंका नाही आली? म्हणाली, "आली नं. मशीन विचारत होतं खरं. पण सर म्हणाले होते, कळणार नाही. मग मी खरंच भरलं."

ती म्हणाली, सरांना भेटायचं आहे. मलाही एकट्याने जायचा धीर नव्हता, सोबत बरी मिळाली. रिक्षा करून नारायण पेठेत गेलो.

दार काकूंनी उघडलं. समोर भिंतीवर सरांचा फोटो होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. चौकट अजून नवी होती. श्रावणात गेले, काकू म्हणाल्या. दोन दिवस ताप आला, तेवढंच.

आम्ही बसलो. मुलगी फोटोकडे बघत राहिली. काकूंनी चहा आणला आणि विचारलं, आपण कुठल्या? ह्यांना कशा ओळखता? मग स्वतःच म्हणाल्या, "ऑफिसातलं घरी एक अक्षर बोलायचे नाहीत, अहो. लग्नाला चौतीस वर्षं झाली. लोकांचे नवरे ऑफिसच्या गोष्टी सांगतात, आमच्याकडे तेही नाही. कोणी येऊन चार शब्द सांगितले तर मलाही कळेल, दिवसभर काय करत होते ते."

मी मुलीकडे पाहिलं. सरांनी काय केलं हे सांगायचं, तर तिने काय केलं होतं ते आधी सांगावं लागणार. आणि काकू तिला संपूर्ण परक्या. मी काहीतरी गुळमुळीत जुळवायला लागलो, सर फार शिस्तीचे होते वगैरे. तिने कप खाली ठेवला.

"काकू, मी नोकरीसाठी खोटं लिहिलं होतं," ती म्हणाली. आणि तिथून सुरुवात करून सगळं सांगितलं. दाखला कुठून आणला, तो डबा, ते नाणं, काटा पडला होता हेही. ती खोली, ती यादी, शुक्रवार. मधे जिथे तिला माहीत नव्हतं तिथे मी जोडलं, यादी पुसली त्या भागात, आणि त्यात सरांची नोकरी गेली इथपर्यंत. स्वतःच्या दाखल्याबद्दल मात्र मी तेव्हाही अवाक्षर काढलं नाही. चहा पीत राहिलो. तुम्हाला सांगितलं ते आत्ता, तेही लिहून, समोर कोणी नसताना.

काकू ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर पदराने चष्मा पुसला. आम्हाला वाटलं, आता रडतील.

"म्हणजे नोकरी त्यापायी गेली होय," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, दोन जिने चढवत नाहीत, गुडघे दुखतात. रोज रात्री तेल कोमट करून चोळत होते मी. दीड वर्षं. पाय पसरून बसायचे आपले, आणि मी विचारलं की सांगायचे, आज जरा बरं वाटतंय."